सेव्हनच्या वळणाची किट कार घ्यायचीय? तुलना कशी करायची

ब्रिटनमध्ये येऊन चार वर्षं झाली, घराला गॅरेज मिळालं, की आपल्यातल्या बऱ्याच इंजिनिअर मंडळींच्या डोक्यात एक गाडी घोळायला लागते. दारं जवळपास नाहीतच, छप्पर नावापुरतं, पुढची चाकं अंगाबाहेर, आणि सगळी जोडणी स्वतःच्या हातची. म्हणजेच लोटस सेव्हनच्या धर्तीची किट कार, सुट्या भागांत घेऊन घरी जोडायची गाडी. कोव्हेंट्री, सोलिहल, बर्मिंगहॅमकडे ही इच्छा जरा जास्तच दिसते. कॉलेजात बाहा किंवा सुप्राच्या स्पर्धेसाठी रात्ररात्र जागून पाइपांचा सांगाडा वेल्ड केलेली मुलं आज त्या भागातल्या मोटार कंपन्यांत कामाला आहेत. त्यांच्यासाठी, आणि आयुष्यात कधी पाना हातात न धरलेल्यांसाठीही, हा लेख आहे.

बाजारात सारख्या दिसणाऱ्या गाड्या इतक्या आहेत की नवखा माणूस गोंधळतो आणि शेवटी हॉर्सपॉवरचा आकडा बघून ठरवतो. हा रस्ता धरू नका. दोनच प्रश्न आधी विचारा: गाडी तयार झाल्यावर तिचं वजन किती भरेल, आणि किट घरी आल्यावर तुमच्या वाट्याला किती काम उरेल? बाकीची सगळी तुलना या दोन प्रश्नांच्या पोटात येते.

आधी मूळ गाडी ओळखा

या सगळ्यांची आई म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ साली बाजारात आणली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे फोर्डचं साधं ११७२ सीसीचं इंजिन. ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर, पण गाडीच अर्ध्या टनाच्या आसपास असल्यामुळे ती पळायची, आणि वळणावर तर भल्याभल्यांना मागे टाकायची.

ती सुट्या भागांत विकली जायची त्यामागे कर होता. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. गाडी घरी जोडली की तेवढे पैसे वाचत. एप्रिल १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क ग्रॅहम नियर्न यांच्या केटरहॅम कार्सला दिले. नियर्न ही गाडी आधीपासून विकतच होते. केटरहॅमने चौथ्या मालिकेच्या फायबर बॉडीच्या काही गाड्या केल्या, मग १९७४ मध्ये तिसऱ्या मालिकेचं जुनं, देखणं रूप परत आणलं आणि आजतागायत तेच चालवलं.

म्हणजे कागदोपत्री वारस एकटी केटरहॅम. बाकीच्या त्याच कल्पनेवर आपापल्या परीने बेतलेल्या गाड्या. पण केवळ वारस नाही म्हणून एखादी गाडी कमी ठरत नाही, हे सुरुवातीलाच डोक्यात पक्कं असू द्या.

पायरी पहिली: गाडीत बसून बघा

इंटरनेटवर महिनाभर वाचण्याआधी एखाद्या शोरूमला किंवा किट कार मेळाव्याला जा आणि तीन-चार वेगवेगळ्या गाड्यांत प्रत्यक्ष बसा. जाताना अरुंद तळव्याचे बूट घाला. पेडलं एकमेकांना इतकी चिकटून असतात की जाड बुटाने ब्रेक दाबताना अ‍ॅक्सिलरेटरही दाबला जातो. बसल्यावर क्लच पूर्ण दाबा आणि गुडघा स्टीअरिंगला लागतो का ते बघा. मग पाय क्लचवरून उचला आणि तो ठेवायला कुठे जागा आहे का ते शोधा. बऱ्याच गाड्यांत नसते. तासाभराच्या प्रवासात हे फार जाणवतं.

उंची सहा फुटांच्या वर असेल किंवा अंग जरा भरलेलं असेल, तर केटरहॅमची नेहमीची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, घट्ट होईल. त्यांचीच एसव्ही नावाची चासी सुमारे ११ सेंटिमीटरने रुंद आहे. वेस्टफील्ड या दुसऱ्या कंपनीच्या आणि बऱ्याच इतर गाड्याही मुळापेक्षा ऐसपैस आहेत. रुंद गाडी दिसायला थोडी वेगळी, वजनालाही थोडी जास्त. पण अवघडून बसायला लावणारी गाडी कितीही सुंदर असली तरी ती गॅरेजमध्येच पडून राहते.

जोडीदारालाही बसवून बघा. पाचशे किलोच्या गाडीत साठ-सत्तर किलोंचा दुसरा माणूस बसला की तिची चाल बदलते. शिवाय हा पैसा आणि हे शनिवार-रविवार दोघांच्या संमतीनेच जाणार आहेत.

पायरी दुसरी: तुम्ही कोणत्या गटातले ते ठरवा

सेव्हनसारख्या गाड्यांचे कामाच्या हिशेबाने तीन गट पडतात.

पहिला गट पूर्ण किटचा. केटरहॅम यातली सगळ्यात मोठी. चासी रंगवून, पत्रा बसवून येते, इंजिन आणि गिअरबॉक्स नवे येतात, वायरिंगची माळ तयार असते. तुम्ही भाग बसवायचे, बोल्ट योग्य टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायचे, तेल-पाणी भरायचं. वेल्डिंग नाही, कापाकापी जवळपास नाही. गॅरेजमध्ये खोकी उघडून एकेक भाग यादीशी पडताळायचा, एवढंच पहिल्या दिवशीचं काम, पण ते जीव लावून करा. यादीत ‘नंतर पाठवू’ असं लिहिलेला एखादा ब्रॅकेट पुढचं सगळं अडवून धरतो. किंमत या गटात सगळ्यात जास्त. मात्र विकायला गेलात तर पैसेही इथेच सगळ्यात चांगले परत मिळतात.

दुसरा गट डोनर गाडीवरचा. चासी, बॉडी आणि काही खास भाग कंपनीकडून घ्यायचे; इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग), हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), ब्रेक हे एका जुन्या गाडीतून काढायचे. एमके कंपनीची इंडी, जीबीएसची झीरो, टायगर आणि वेस्टफील्डची काही मॉडेलं या गटात बसतात. पैसे वाचतात, पण गंजलेले बोल्ट सोडवणं, भाग घासून रंगवणं, बेअरिंग-सील बदलणं हे सगळं तुमच्याकडे येतं. किट घेणाऱ्याचा निम्मा वेळ जोडण्यात नाही, साफसफाईत जातो.

तिसरा गट लोकॉस्टचा. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी एक इंची चौकोनी नळीपासून घरच्या घरी सेव्हनसारखी चासी कशी करायची ते पुस्तक लिहून दाखवलं आणि शेकडो लोक गॅरेजमध्ये वेल्डिंगला बसले. त्यांनी फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरले होते. त्या जुन्या एस्कॉर्ट आता स्वतःच संग्राह्य गाड्या झाल्या आहेत, त्यामुळे लोकॉस्ट आज वेगळ्या भागांवर करावी लागते. हा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लांबचा. वेल्डिंग आधीपासून येत असेल तरच या वाटेला जा. वेल्डिंग शिकण्यासाठी स्वतःच्या जिवाची गाडी हा योग्य सराव नव्हे.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने पहिल्या किंवा दुसऱ्या गटातलीच गाडी घ्यावी. अर्धवट राहिलेले लोकॉस्ट प्रकल्प किती विकायला असतात ते एकदा जाहिरातींत बघा.

पायरी तिसरी: डोनरचा हिशेब

दुसऱ्या गटात जाणार असाल तर किटच्या आधी डोनरचा विचार करा. इंजिन पुढे उभं आणि ताकद मागच्या चाकांना, अशीच गाडी हवी. एके काळी यासाठी फोर्ड सिएरा सर्रास वापरली जायची. तिचं उत्पादन १९९३ ला थांबलं, आता धड सिएरा मिळवणंच कठीण. म्हणून बहुतेक कंपन्या माझदा एमएक्स-५ कडे वळल्या.

एमएक्स-५ या कामासाठी फार गुणी गाडी आहे. पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांची इंजिनं मजबूत असतात, पण मागच्या चाकांपुढची सिलं (दाराखालचा पत्रा) गंजून गाडी वार्षिक एमओटी तपासणीत बाद होते. तुम्हाला तो पत्रा नकोच असतो, त्यामुळे बाद झालेली गाडी स्वस्तात मिळते आणि तिचे आतले भाग कामाला येतात. घेताना गाडी चालू स्थितीत असेल याची खात्री करा. इंजिन गरम होऊ द्या, सगळे गिअर टाकून बघा, आणि मालकीचा कागद म्हणजे व्ही५सी गाडीसोबत घ्या. नोंदणीच्या वेळी तो लागणार आहे.

इथे वजनाचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. पहिल्या पिढीची १.६ लिटरची एमएक्स-५ साधारण ९५० किलोंची, ताकद सुमारे ११५ हॉर्सपॉवर. म्हणजे टनामागे १२० च्या आसपास. तेच इंजिन ६५० किलोंच्या किटमध्ये बसवलं की टनामागे १७५ च्या पुढे जातं. इंजिनला हातही न लावता. केटरहॅमची सेव्हन १७० बघा: सुझुकीचं अवघं ६६० सीसीचं टर्बो इंजिन, ८४ हॉर्सपॉवर, पण वजन ४४० किलो. टनामागे १९०. जपानच्या छोट्या गाड्यांच्या केइ वर्गात बसावी म्हणून ती मुद्दाम अरुंद ठेवली आहे. आपल्याकडे ८०० सीसीच्या मारुतीवर गाडी शिकलेल्या माणसाला हे आकडे वाचून गंमत वाटेल, पण रस्त्यावर ती गाडी भरपूर वेगवान आहे.

म्हणून विक्रेत्याने ‘ड्राय वेट’ सांगितलं तर लगेच विचारा की त्यात तेल, पाणी, पेट्रोल, सुटं चाक, काच, हीटर धरलंय का. प्रत्येक कंपनीचा वजन मोजण्याचा हिशेब सारखा नसतो. शक्य असेल तर तयार गाडीच्या मालकाला गाठा आणि त्याने काट्यावर मोजलेला आकडा घ्या.

पायरी चौथी: इंजिन

नव्याला दोन लिटरचं फोर्ड ड्युराटेक पुरून उरतं. केटरहॅम ४२० मध्ये त्याचीच २१० हॉर्सपॉवर आहे आणि ती गाडी चार सेकंदांच्या आत ६० मैलांचा वेग गाठते. पहिल्या वर्षी एवढीही गरज नसते. वरच्या टोकाला सुपरचार्जर लावलेली ३१० हॉर्सपॉवरची ६२० आहे. ओल्या रस्त्यावर ती नवख्या हातात देऊ नये असं मला मनापासून वाटतं. या गाड्यांत एअरबॅग नसतात, एबीएस सहसा नसतं, आणि घसरल्यावर सावरायला इलेक्ट्रॉनिक मदतनीस नसतो.

मोटरसायकलच्या इंजिनावरच्या गाड्या हे वेगळंच प्रकरण. हायाबुसा किंवा यामाहा आर१ चं इंजिन लावलं की गाडी अतिशय हलकी होते, गिअर झटक्यात पडतात, आवाज अंगावर काटा आणतो. पण त्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो, त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. कमी आरपीएमला जोर नसतो, म्हणून शहरात सिग्नलवरून गाडी उचलताना क्लच झिजतो. ट्रॅकसाठी उत्तम. ऑफिसला नेणार असाल तर नको.

पायरी पाचवी: मागचं सस्पेन्शन आणि चासी

मागच्या चाकांची बांधणी तीन प्रकारची मिळेल. लाइव्ह अ‍ॅक्सल म्हणजे डिफरन्शियलसह एकसंध दांडा. साधा, टिकाऊ, पण खड्ड्यात एक चाक गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसतो. द दिआँमध्ये डिफरन्शियल चासीला बसवतात आणि दोन चाकं एका हलक्या नळीने जोडतात, त्यामुळे चाकं सरळ राहतात आणि त्यांच्यासोबत वर-खाली होणारं वजन घटतं. केटरहॅमच्या बहुतेक गाड्यांत हेच. तिसरं इंडिपेंडंट, दोन्ही चाकं सुटी. केटरहॅमने ऐंशीच्या दशकात वेस्टफील्डला कोर्टात खेचलं, प्रकरण तडजोडीने मिटलं, आणि त्यानंतर वेस्टफील्डने बॉडीचं रूप बदललं व इंडिपेंडंट सस्पेन्शनची गाडी काढली. खराब रस्त्यावर ती खरोखर सुखाची आहे. डोनर किटमध्येही बहुतेक हेच असतं, कारण एमएक्स-५ चे मागचे हब तसेच वापरता येतात.

यातलं कोणतंही वाईट नाही. नीट जुळवलेला लाइव्ह अ‍ॅक्सल हा चुकीच्या अलाइनमेंटच्या इंडिपेंडंटपेक्षा कधीही चांगला.

चासी बघताना मात्र घाई करू नका. कंपनीत गेलात तर रंग न दिलेली, उघडी चासी दाखवायला सांगा. नळी जिथे नळीला मिळते तिथे वेल्डवरून बोट फिरवा: सांधा पूर्ण फिरलेला हवा, मध्येच तुटक किंवा एका बाजूला ढीग झालेला नको. विशबोन, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा सस्पेन्शनचा हात, जिथे बसते ते ब्रॅकेट, सीट बेल्टचे पॉइंट आणि डिफरन्शियलच्या जागा तीन-तीनदा बघा. मोजपट्टी खिशात असू द्या. पुढच्या डाव्या सस्पेन्शन पॉइंटपासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि मग उलट, असे दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले नाहीत तर ती चासी वाकडी, आणि वाकड्या चासीवर सरळ चालणारी गाडी होत नाही. चांगला कारखानदार हे मोजू देतो, उलट त्याला आनंद होतो.

पायरी सहावी: खोक्यात काय नाही ते लिहून काढा

दोन किटच्या किमती शेजारी ठेवून काहीच कळत नाही. वहीत एक तक्ता करा आणि पुढचं प्रत्येक नाव त्यात लिहा: टायर, रिम, सीट, बेल्ट, काच, वायपर, हीटर, रेडिएटर, पेट्रोलची टाकी, एक्झॉस्ट, वायरिंग, मीटर, दिवे, रंग, नट-बोल्ट. प्रत्येक कंपनीला ईमेल करून यातलं काय येतं ते लेखी घ्या. ‘स्टार्टर किट’ नावाच्या स्वस्त संचात बरेचदा यातलं निम्मंही नसतं. बेरीज केल्यावर स्वस्त वाटलेली किट महागात पडते, असं कितीतरी वेळा होतं.

कंपनी किती वर्षं टिकून आहे आणि सुटे भाग कुठून मिळतील तेही विचारा. हा धंदा नाजूक आहे. रॉबिन हूडसारखं एके काळचं लोकप्रिय नाव जीबीएसकडे गेलं. वेस्टफील्डसारखी जुनी कंपनीही २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने द्या, तयार भाग हातात आल्यावर पुढचा हप्ता. शक्य तिथे क्रेडिट कार्डाने द्या.

हत्यारांचा खर्च वेगळा धरा: चांगला टॉर्क रेंच, चार मजबूत अ‍ॅक्सल स्टँड, रिव्हेट गन, ड्रिल. इंजिन उचलायची घोडी भाड्याने मिळते. साधं एका गाडीचं गॅरेज पुरतं; भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाला आधी विचारा.

आणि विमा. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिनेच गाडी चालवता येते, त्यानंतर ब्रिटिश लायसन्स लागतं. ते नवं असेल तर अशा गाडीचा विमा जड जातो. किटची ऑर्डर देण्याआधी किट कारचा विमा करणाऱ्या एखाद्या कंपनीकडून भाव काढा, आणि गाडीची किंमत आधीच ठरवून देणारी ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी मागा.

पायरी सातवी: आयव्हीए डोळ्यांपुढे ठेवून जोडा

घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी डीव्हीएसए या सरकारी संस्थेकडून इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, म्हणजे आयव्हीए तपासणी होते. तिची नियमपुस्तिका फुकट मिळते. पहिला बोल्ट आवळण्याआधी ती वाचा.

लोक नापास होतात ते बहुतेक वेळा बारीकसारीक गोष्टींवर. बाहेरून हाताला लागणारी कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी, म्हणून पत्र्याच्या कडांवर रबरी पट्टी आणि बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं अजिबात चालत नाही; खरा वेग ५० असताना काटा ४९ वर असला की संपलं. वळण घेऊन स्टीअरिंग सोडलं की ते आपणहून सरळीकडे यायला हवं. ब्रेकच्या नळ्या थोड्या थोड्या अंतरावर क्लिपांनी धरलेल्या, कुठेही घासत नसलेल्या हव्यात. आरसे, धुक्याचा दिवा, पेट्रोलचं झाकण, सगळं बघतात. केटरहॅमसारखी कंपनी या सगळ्याची तयारी करून देते. डोनर किटमध्ये ते तुमच्यावर असतं. तुलनेत हा मुद्दा फार लोक विसरतात. विक्रेत्याला सरळ विचारा: तुमच्या किटच्या गाड्या पहिल्या फेरीत पास होतात का, आणि नापास होतात त्या कशावर?

नंबर प्लेटही किटवर ठरते. सगळे भाग नवे असतील, फार तर एखादा नव्यासारखा दुरुस्त केलेला, तर चालू वर्षाचा नंबर. एकाच डोनरचे दोन मुख्य भाग असतील तर त्या डोनरच्या वयाचा. कशाचाच पुरावा नसेल तर क्यू प्लेट, म्हणजे गाडीचं वय न सांगणारा नंबर, आणि क्यू प्लेटच्या गाडीला विकताना भाव कमी येतो. म्हणून प्रत्येक पावती फाइलला लावा आणि कामाचे फोटो तारखेसकट ठेवा.

जुनी, जोडलेली गाडी घ्यावी का?

जोडण्यात रस नसेल तर बेलाशक घ्या. गाडी उचलून खालच्या नळ्या बघा. दगड लागून पावडर कोटिंग उडालेलं असतं आणि तिथून पाणी आत शिरतं. रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी दिसली तर समजा की लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये गंज धरलाय. आधीच्या मालकाकडे जोडणीचे फोटो आणि पावत्या आहेत का विचारा. ज्याने मन लावून गाडी केली त्याच्याकडे जाड फाइल असतेच.

भारतात नेता येईल का?

हा प्रश्न हमखास येतो. भारतात रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मॉडेलला आधी मान्यता लागते. तपासणी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्था करतात. घरी जोडलेल्या एकट्या गाडीसाठी ब्रिटनच्या आयव्हीएसारखी सोपी वाट तिथे नाही. तेव्हा गावी नेण्याचा विचार सोडा आणि इथेच मनसोक्त चालवा.

गाडी रस्त्यावर आल्यावर

पहिले ५०० मैल जपून चालवा आणि मग सस्पेन्शन, चाकं, स्टीअरिंग, सीट यांचा प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवी गाडी बसते तसे बोल्ट थोडे ढिले होतातच. तपासलेल्या प्रत्येक बोल्टवर पेंटने एक रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं बघून कळतं. टायरमधली हवा नेहमीच्या गाडीसारखी ३०-३२ ठेवू नका. इतक्या हलक्या गाडीला १८ ते २० पीएसआय पुरते. जास्त भरलीत तर टायर उसळतो आणि पकड जाते. चासी देणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करा, टायर थंड असताना मोजा, आणि एका वेळी एकच पीएसआय बदलून फरक बघा.